गार्चिंगात भाऊ असताना म्युनिकमध्ये स्वस्त हॉटेल

गार्चिंग, १२ ऑगस्ट २००७

ती. दादा,

नमस्कार. साष्टांग घालायचा तो तू इथे आल्यावर प्रत्यक्षच घालीन. आत्ता मी इतका चिडलोय की वाकलो तर उठताना काहीतरी फोडीन. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर? आम्ही तिघं बरे आहोत. म्हणजे ऊर्मिला आणि स्पृहा बऱ्या आहेत. मी तुझं पत्र आल्यापासून, म्हणजे गेल्या मंगळवारपासून, अजिबात बरा नाही.

काय लिहिलंयस तू? 'टूर संपली की आम्ही दोघं पाच दिवस म्युनिकला थांबू. स्टेशनजवळ एखादं स्वच्छ, माफक हॉटेल बघून ठेव. तुम्हाला उगाच त्रास नको.' सख्खा धाकटा भाऊ स्टेशनपासून ऊ-बानने, म्हणजे इथल्या मेट्रोने, अर्ध्या तासावर तीन खोल्यांच्या घरात राहतो आणि तू त्यालाच हॉटेल शोधायला सांगतोस. परक्या कुणाला सांगितलं असतंस तर निदान मला कळलं तरी नसतं. वर सोबत पेपरचं कात्रण. 'युरोपातील शहरात स्वस्त आणि चांगले हॉटेल कसे निवडाल?' त्यातल्या ओळींखाली लाल पेनने रेघा, म्हणजे मी जणू दहावीला बसलोय आणि हे प्रश्न हमखास येणार आहेत. (समासात 'कमोडजवळ नळ आहे का?' हे तुझ्या अक्षरात. हा प्रश्न त्या लेखकाला सुचला नाही, हे मात्र मान्य करतो.)

ठीक आहे म्हटलं. थोरल्या भावाचा हुकूम. काल शनिवारी सकाळी कात्रण खिशात घातलं, मोजायची टेप घेतली आणि निघालो. ऊर्मिला म्हणाली, 'अहो, आधी दादांना फोन करून बोला तरी.' मी म्हटलं, बोलायचं काही नाही, त्यांना हॉटेल हवंय, मी हॉटेल देतो.

पहिलं हॉटेल स्टेशनच्या समोर, कात्रणातल्या पहिल्या नियमाप्रमाणे. तारीख सांगितली, चोवीस सप्टेंबर. काउंटरवरचा माणूस माझ्याकडे असा बघायला लागला की मला वाटलं मी चुकून पुण्याची खोली मागितली. दादा, तू मोठ्या शहाणपणाने लिहिलंयस की तो बियरचा उत्सव ऑक्टोबरात असतो, तो टाळायला म्हणून मुद्दाम सप्टेंबर धरला. अरे, नाव ऑक्टोबरचं असलं तरी तो उत्सव सप्टेंबरातच सुरू होतो. यंदा बावीस तारखेला. (का, ते मला विचारू नकोस. अकरा वर्षं मी इथे गाड्यांचे ब्रेक तपासतोय आणि अजून कुणी मला ते समजावून सांगितलेलं नाही.) म्हणजे तू बरोबर ऐन गर्दीत येऊन पडणार. त्यांच्याकडे एकच खोली उरली होती, तिप्पट भाड्याची, आणि तिची खिडकी एका बियरच्या दुकानाच्या डोक्यावर उघडत होती. तुझ्या कात्रणात 'खिडकी कुठे उघडते ते पाहावे' असं आहे. पाहिली.

दुसरं हॉटेल दोन गल्ल्या पलीकडे. तिथे 'खोली आधी पाहून घ्यावी' हा नियम लावला. आपण दोघं बाबांच्या हाताखाली शिकलेले, त्यामुळे मी आपल्या घरच्या पद्धतीने खोली पाहिली. सगळे नळ एकदम सोडले, फ्लश दोनदा ओढला, चादर उचलून गादीची खालची बाजू बघितली, पलंगावर बसून दोन उड्या मारल्या, उशीचा वास घेतला, भिंतीवर टकटक केलं. (पलीकडून कुणीतरी उलट टकटक केलं.) मॅनेजर दारात उभा. त्याने विचारलं, तुम्ही आरोग्य खात्याकडून आलात का? मी म्हटलं, नाही, कोथरूडकडून. तो पलंगही बघ कसा. बाहेरून डबल, आत दोन सुट्या गाद्या, आणि मधल्या फटीत माझा हात कोपरापर्यंत गेला. वहिनी त्या फटीत गेल्या तर टूरवाल्यांना काय सांगायचं? शेवटी समासातला तुझा प्रश्न विचारला. जर्मनमध्ये त्याला नेमका शब्द मला येत नाही, म्हणून थोडे हातवारे करावे लागले. तो बराच वेळ विचार करून खाली गेला आणि झाडांना पाणी घालायची झारी घेऊन आला. मला इतका संताप आला, इतका संताप आला की काय सांगू. (कामाला मात्र ती उत्तम असते. आमच्याकडे तीच आहे, हिरवी.)

तिसरं एका म्हाताऱ्या बाईचं छोटं पेन्सिऑन, म्हणजे आपल्याकडच्या लॉजची नीटनेटकी बहीण. स्वच्छ, स्वस्त, कुणीतरी बुकिंग रद्द केलं म्हणून एक खोली पाच रात्री मोकळी. मला दोष काढायचे होते आणि काही सापडेना, त्यामुळे पारा आणखी चढला. शेवटी बाईंनी नियम सांगितले. खोलीत काही शिजवायचं नाही. आणि पाहुण्यांना भेटायला येणाऱ्यांनी वर जायचं नाही. खाली दाराशी खुर्ची आहे, वहीत नाव लिहून तिथे बसायचं, पाहुणे खाली येतील.

मी त्या खुर्चीकडे बघितलं आणि खोली बुक करून टाकली. घे म्हटलं हॉटेल.

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? तिन्ही ठिकाणी मी सांगितलं की खोली माझ्या भावाला हवीय आणि मी गार्चिंगला राहतो. भाऊ इथे असताना हॉटेल कशाला, असं कुणीतरी विचारील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. चांगलं झणझणीत होतं. एकानेही विचारलं नाही. म्हातारी तर म्हणाली, 'गेनाऊ, अगदी बरोबर, हेच बरं, दोघांनाही मोकळीक.' माझं उत्तर तसंच माझ्याकडे राहिलं आणि मी ते घेऊन घरी आलो.

घरी जेवताना ऊर्मिलेला तावातावाने सगळं सांगत होतो. स्पृहा नऊ वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. तिने विचारलं, काका हॉटेलात राहणार म्हणून बाबा एवढा का ओरडतोय? आपण पण काकाच्या गावात हॉटेलातच राहिलो होतो की. आणि काका रोज सकाळी डबा घेऊन यायचा आणि खाली दाराजवळच्या सोफ्यावर बसायचा. वर का नाही यायचा?

मी भात कालवत बसलो.

दादा, मी तुला सांगितलं होतं की स्पृहाचं पोट बिघडलंय म्हणून डेक्कनला हॉटेल घेतलं. तिचं पोट ठणठणीत होतं. शॉवर मला हवा होता. तुझ्याकडे पाणी सकाळी तासभर येतं आणि बादल्या भरून ठेवाव्या लागतात, त्याचा मला कंटाळा आला होता. दहा दिवस तू स्कूटरवरून डबा आणलास, रजिस्टरमध्ये नाव लिहून खाली बसलास, मी 'वर ये' म्हटलं की 'नको, स्कूटर नीट लावलेली नाही' म्हणालास. आणि मी दहाही दिवस खरं मानलं.

पण माझा राग गेलेला नाही, हे लक्षात ठेव. तेव्हाच का नाही बोललास? लॉबीत सगळ्यांसमोर चार शिव्या घालायच्या होत्यास, मी बॅगा उचलून निमूट कोथरूडला आलो असतो. ते नाही. पावणेदोन वर्षं पोटात ठेवायचं आणि मग लाल रेघा मारून कात्रण पाठवायचं. ही काय पद्धत झाली?

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
जयंत

ता. क. १ : पेन्सिऑनचं बुकिंग एक सप्टेंबरपर्यंत रद्द करता येतं. रद्द करायचं पत्र लिहून फ्रीजवर लावलंय. तुझा एक फोन आला की टाकतो. स्पृहाने आपली खोली रिकामी करायला घेतली आहे, तसं कर म्हणून मी तिला सांगितलेलं नाही, तिचं तीच करतेय.

ता. क. २ : ऊर्मिलेने पत्र वाचलं. ती म्हणते, वहिनींचा महिन्याभरापूर्वीच तिला फोन आला होता की हे जयंतावर रुसलेत, हॉटेल-हॉटेल करतील, तुम्ही लक्ष देऊ नका, आम्ही घरीच उतरणार. म्हणजे माझा अख्खा शनिवार फुकट गेला आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. हिच्यावर मी वेगळा चिडलोय.

ता. क. ३ : येताना तो तीन पुडाचा स्टीलचा डबा आण. तोच, कडी वाकडी झालेला. एवढं सगळं वाचूनही तू हॉटेलातच उतरलास, तर मला तो लागेल. रोज सकाळी आठला येईन, वहीत नाव लिहीन आणि त्या खुर्चीवर बसेन. तू वर बोलावलंस तरी येणार नाही.