मक्याच्या पानावरची लव

सर, तुमच्याच प्रयोगशाळेत आता मी शिकवते. निवृत्तीनंतर तुम्ही आंबिवलीच्या घरामागे दोन गुंठ्यांत मका लावायचात आणि दर रविवारी मी डोंबिवलीहून यायचे. तुम्ही माझ्या हातात भिंग द्यायचात आणि म्हणायचात, "पानावर बोट फिरव. लव लागतेय? खोडकिड्याच्या मादीला अशा पानावर अंडी घालायला नको वाटतं." काही झाडांची पानं राठ, काही कणसांची सालं इतकी घट्ट की नख शिरत नाही. किडीने कमी खाल्लेल्या झाडांचंच बी तुम्ही वर्षानुवर्षं राखलंत. एकदा मी औषध मारूया म्हटलं, तर केवढे चिडलात. "अगं, फवारलं की सगळीच झाडं शहाणी दिसतात!"

मग लष्करी अळी आली आणि त्याच पावसाळ्यात तुम्हाला ठाण्याच्या इस्पितळात ठेवलं. शेंड्याच्या पोंग्यातल्या कोवळ्या पानांत अळ्या, बाहेर भुशासारखी विष्ठा. लव नाही, राठपणा नाही, ती कशालाच जुमानेना. मी कॉलेजआधी येऊन हाताने अळ्या वेचायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "मॅडम, मास्तरांचा सगला मका जाईल. पंप देतो, मारा औषध." पाचव्या दिवशी मी पंप पाठीवर घेतला. एकही ओळ सोडली नाही.

संध्याकाळी इस्पितळात तुम्ही विचारलंत, "किती उभी आहेत?"

"बरीच, सर."

"न फवारता?"

मी होकाराची मान हलवली. तुम्ही डोळे मिटून हसलात. "मग खोटं नव्हतं आपलं काम." आठवड्याने तुम्ही गेलात.

कणसं छान भरली. पण कुठलं झाड स्वतःच्या बळावर टिकलं आणि कुठलं औषधावर, हे कळायची सोयच उरली नव्हती. जुनं बी त्याच पेरणीत संपलेलं. पुढे घर विकलं गेलं. त्या कणसांचे दाणे मी गच्चीवर कुंड्यांत लावत राहिले. पाच-सहा झाडांत काय निवडणार, आणि कशावरून? तरी दर वर्षी लावते.

परवा वर्गात तुमच्या निवडीबद्दल सांगताना ते दाणे फिरवले. एका मुलीने मूठभर घेऊन विचारलं, "मॅडम, यातले किडीला पुरून उरणारे कुठले?" सगळी मुलं वह्या उघडून बसली होती. मी फळ्याकडे वळले, उगाच कोरा फळा पुसला आणि म्हटलं, "पुढच्या तासाला सांगते." तो तास उद्या आहे, सर. कुठले, ते मला माहीत नाही.