टबातलं पाणी आणि म्हाताऱ्याचे गुडघे

१२ नोव्हेंबर ८३, शनिवार

आज घरात टब आला. रशीदनं आणला. पुण्यात कुठला तरी जुना बंगला पाडत होते, तिथून. लोखंडी, आतून पांढरा, खाली वाघाच्या पंजासारखे पाय. टेंपोतून उतरवायला अर्धी आळी लागली. परसात, बंबाशेजारी ठेवला.

शेजारची सोनाबाई कुंपणावरून, "भाभी, गव्हाण झ्याक हाय. म्हस घेतली का काय?"

म्हटलं, "म्हस न्हाई, रेडा हाय. घरचाच."

म्हातारा, माझा नवरा, ओट्यावर बसून ऐकत होता. हसू आलं की याची दाढी आधी हालते. हालली. पण तोंड वाकडंच ठेवलं.

डॉक्टर म्हणाले होते, रोज कढत पाण्यात बसवा, सांधे सैल होतील. रशीद माझा मुलगा खरा, पण बापाचा शब्द खाली पडू देत नाही. बादलीत पाय बुडवून भागलं असतं. यानं नावच आणली.

सलमा लिहितेय. रशीदची मुलगी, माझी नात. मला अक्षर येत नाही. मी बोलते, ही लिहिते. मी 'हाय' म्हटलं की ही 'आहे' करते. करू दे. बारावी झालीय, तेवढा हक्क आहे. जानेवारीत लग्न होऊन भोरला जाईल. लग्न ठरल्यापासून माझ्याजवळ बसेना, म्हणून हे काम काढलं.

१५ नोव्हें., मंगळवार

पहिली डुबकी. सकाळपासून बंब पेटवलेला, हापसा हापसून सुनेचे, जुबेदाचे, हात गेले. म्हातारा लुंगी लावून, रशीदच्या गळ्यात हात टाकून आत उतरला. "या अल्ला" म्हणाला आणि डोळे मिटले. मग बोलेच ना. मी जवळ जाऊन बघितलं, श्वास चालू होता.

पाणी कोमट होईपर्यंत बसला. बाहेर आल्यावर गुडघा वाकवून दाखवला. खरंच, रोजच्याहून जास्त वाकला.

लगेच घोषणा. "सलमाच्या बांगड्या मीच भरनार. खाली बसून."

आमचा धंदा बांगड्यांचा. मणेर आम्ही. सगळ्या मुळशीतल्या बायकांचे हात या माणसानं धरले, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी चहा करून दिला. दोन वर्षं झाली, खाली बसता येत नाही, म्हणून बाजारात जाणं बंद. पेट्या माळ्यावर.

रशीद म्हणाला, "अब्बा, खुर्चीवर बसून भरा की."

"खुर्चीवर? बाईचा हात माझ्या गुडघ्यावर टेकल्याबिगर काचंची बांगडी चढत न्हाई. खुर्चीवरनं काय, पोरीला लोंबकळत ठिवू?"

सलमा लिहिताना आत्ता थांबली होती. लिही गं.

२० नोव्हें., रविवार

पाण्यानं दगा दिला.

एवढं पाणी तापवायचं, तर रोज फेकायचं कसं? अर्धं तसंच ठेवतो, वर कढत ओततो. तिसऱ्याच दिवशी काठाला काळपट चिकट रेघ. पाण्यावर पांढरे तुकडे, दूध नासल्यासारखे. म्हातारा उठला की ते छातीच्या केसांना लटकलेले. बोअरचं पाणी आमचं असं, की डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. त्यात हा आधी अंगभर तेल चोळून घेणार, मग टबात बसून साबण लावणार. वर म्हणणार, पाणी घाण आहे.

अंगाला खाज. पाठ खाजवायला मी. सांगतो, "उजवीकडं जरा." पन्नास वर्षांत एवढं मला कधी बोलावलं नव्हतं.

२३ नोव्हें., बुध.

जुबेदानं रेघ घासली. राखेनं नाही, चिंचेनं नाही. शेवटी रॉकेलचा बोळा फिरवला, निघाली. टब चकचकीत. म्हातारा तासभर बसला, बाहेर आला तर सगळा स्टोव्हसारखा घमघमतोय.

म्हटलं, "अवो, आज विडी पिऊ नका. भडका उडंल."

विडी प्यायला नाही. घाबरला.

गुडघा: बरा. खाज: तशीच.

२८ नोव्हें., सोम.

पाणी पांढरंफेक. तळ दिसत नाही. हात घातला तर बोटांना कापसासारखं काहीतरी लागतं, धरायला गेलं की विरून जातं. काल उपसलेलं पाणी अळूच्या वाफ्यात सोडलं, तर आज अळूची पानं माना टाकून पडली.

म्हाताऱ्याच्या हाताची कातडी रुखी झाली, बोटांना भेगा. त्याचं त्यालाच बघवेना. बांगडी भरणाऱ्याचा हात लोण्यासारखा लागतो. भेगा घेऊन नव्या नवरीचा हात दाबला तर ओरखडे उठतील. सारखी बोटं चोळत बसला होता. मी काही टोमणा मारला नाही आज.

१ डिसें., गुरुवार

टबात बसला नाही. कालही नाही. "काय उपेग न्हाई, इका त्यो टब," एवढंच. रशीद पिरंगुटहून कामावरून आला, बापाकडे बघितलं, जेवला नाही.

गुडघा परत आखडला. सकाळी खाटेवरून उतरताना भिंत धरली.

सलमा विचारते, "दादी, दादाजी नाही बसू शकले तर बांगड्या कोण भरेल?" पुण्याहून दुसरा मणेर बोलावता येईल, मी म्हटलं. तिनं वही मिटली. (मिटली नव्हती, खाली ठेवली होती. — स.)

२ डिसें., शुक्रवार

आज टबात बसला, रशीदनं हातापाया पडून बसवला. जुम्म्याची नमाज होती, म्हणून दाढीही तिथेच धुतली. बाहेर आला.

दाढी हिरवी.

पोपटी नाही, तांब्याचं भांडं कळकतं तशी. बंब आमचा तांब्याचा. तोंडानं 'इका' म्हणत यानं स्वतःच काल बंब आतून चिंचेनं घासला होता, खवले निघावेत म्हणून. आणि चिंचेचं पाणी फेकून द्यायला जीव होईना, तसंच रात्रभर आत ठेवलं. वर सकाळी पाणी भरून पेटवला.

मी म्हटलं, "लोक पिराला हिरवी चादर घालत्यात. तुमी दाढीच घातली."

"सलमाची दादी, येक दिस तरी त्वांड आवर."

डोक्याला टॉवेल, हनुवटीला टॉवेल, असा मशिदीत गेला. सगळ्यांनी विचारलं, दात दुखतोय का. व्हय म्हणाला. नमाजेआधीच खोटं बोलला बिचारा. आल्यावर मी लिंबाच्या फोडीनं दाढी चोळून दिली, परत परत. मान वर करून बसला होता, डोळे मिटून. बराचसा रंग गेला. उरलेला मला आवडतो, पण त्याला सांगितलं नाही.

४ डिसें., रविवार

आज सगळ्यांना परसात बसवलं. म्हटलं, टबात कोण काय टाकतं, खरं बोला.

जुबेदा मान खाली घालून, "अम्मा, मी धुण्याचा सोडा टाकत हुते. पानी मऊ हुतं म्हनत्यात."

रशीद, "मी पावडर टाकतोय. विहिरीत टाकत्यात ती. जंतू मरत्यात."

म्हातारा, "मी मीठ. सुजेला बरं."

आणि मी तुरटी. गढूळ पाण्यात फिरवतात तशी, रोज, सगळे झोपल्यावर दुपारी.

कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यामुळंच उतार पडेल. म्हातारा एकेकाकडे बघत राहिला आणि मग दाढी हालायला लागली. "म्हंजी मी पान्यात न्हाई, हकिमाच्या दुकानात बसत हुतो!" रशीदला उचकी लागेपर्यंत हसू.

मग सलमानं शहाणपणा केला. काचेचे पेले ओळीनं मांडले, सगळ्यांत बोअरचं पाणी. एकात सोडा: तळाला पांढरं बसलं. त्यातच माझी तुरटी: झाला तो कापूस! एकात साबण आणि तेलाचा थेंब: नासकं दूध. एकात नुसतं उकळून गार केलेलं, वरचं निवळ पाणी. त्यात साबण ढवळला तर चक्क थोडा फेस आला.

म्हणजे पाण्याचा चुना उकळून खाली बसतो. बंबाला खवले कशाचे धरतात, ते आम्ही आयुष्यभर खरवडतोय, आणि डोक्यात प्रकाश आज.

ठरलं: पाणी आदल्या दिवशी उकळून ठेवायचं, वरचं वरचं घ्यायचं. आधी बाहेर दगडावर बसून शिकेकाईनं अंघोळ, मग टब. तेल नंतर. साबण टबात नाही. बंबात चिंच नाही. एक दिवसाआड सगळं पाणी सोडून द्यायचं. आणि कुणीही, कितीही माया आली तरी, आत काही टाकायचं नाही.

म्हाताऱ्यानं विचारलं, "चिमूटभर मीठ?"

"न्हाई."

१२ डिसें., सोम.

पाणी निवळ. तळाला पाय दिसतात त्याचे. चांगले पाय नाहीत, पण दिसतात. काठाला रेघ पुसटशी, फडक्यानं निघते. खाज गेली. मला आता पाठीसाठी कुणी बोलावत नाही.

बोटांना रोज साय लावतो. चहाला साय राहत नाही.

२५ डिसें., रविवार

पाटावर बसला! खांब धरून, हळूहळू, "धरू नगा" असं ओरडत. बसल्यावर इकडंतिकडं बघितलं, जणू राज्य मिळालं. उठताना मात्र रशीदनं आणि मी ओढला. पाट म्हणजे जमीन नव्हे, असं तोच म्हणाला. आणि गुडघ्यावर हात ठेवून जोखून बघत होता, पोरीचा हात टेकला तर वजन सोसेल का.

सोनाबाई बघून गेली. "चाचा, आमच्या सुनंच्या बांगड्या तुमीच भरायच्या बरं का." खूश. दिवसभर पेट्या पुसत बसला.

३ जाने. ८४, मंगळ.

थंडी. लाकडं ओली, बंब धुमसतो, पाणी नुसतं कोमट. परवा टब नाही, काल नाही. आज रशीदनं रजा घेतली आणि बंबापुढे फुंकत बसला. डोळे लाल. म्हणतो, धूर गेला. शनिवारी बांगड्या, रविवारी निकाह. पोरगी जाणार म्हणून बाप रडतोय आणि बंबाचं नाव.

गुडघा: विचारलं तर त्यावर गोधडी ओढली.

७ जाने., शनिवार

बसला. जमिनीवर. चटईवर, मांडी घालून, पाटाबिगर, खांबाबिगर. सकाळी टबात गळ्यापर्यंत बसवून घेतलं होतं. उतरताना दातओठ खाल्ले, मी बघितलं, बाकी कुणी नाही.

सलमाचा हात गुडघ्यावर घेतला. अंगठ्यानं असा दाबला, की हाडं एकमेकांत निजावीत. एकही बांगडी फुटली नाही. ती रडत होती, हा तिला म्हणतो, "रडू नगं, हात आखडतुया." मग आळीतल्या बायका बसल्या. सोनाबाईची सून, तिची जाऊ, जुबेदाच्या बहिणी. दुपार टळली. चटईभोवती काचेचा चुरा, बायकांचा कालवा, आणि मध्ये हा, जुन्या बाजारातल्यासारखा.

आता सगळ्या जेवायला गेल्यात. पेट्या बंद झाल्या. हा अजून चटईवरच.

म्हटलं, "उठा की. बिर्याणी गार हुतीय."

"बसू दे गं जरा. बरं वाटतंय हितं."

बरं वाटत नाहीये. मांडीचा पाय बधिर झालाय, टाच पांढरी पडलीय. पण रशीदला हाक मारली तर सगळी परत येतील, आणि सगळ्यांपुढं दोघांनी धरून ओढायचा. ते त्याला नको. मला कळतं. त्याला कळतं की मला कळतं.

मग म्हणाला, "हात इकडं कर. येक हात ऱ्हायलाच हाय."

माझ्या हातात मापाच्या बांगड्या आहेत. तरी बसले खाली, त्याच्यासमोर. माझे गुडघे कधी कुणी टबात घातले नव्हते, ते काय वाजले! हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. गरम होता अजून.

सलमाला हाक मारली, ये, इथेच बस आणि लिही. लिहितेय. कोपरापर्यंत काच, अक्षर हालतंय तिचं. विचारते, "दादी, तुम्हाला उठवू का?"

नको म्हटलं. आम्ही बघतो. तो म्हणतो, आधी तू ऊठ. मी म्हणते, आधी तुम्ही.