बुधवारचं शून्य

सोमवार, ६ मे

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी गाडी उभ्या जागी रोज आठ टक्के करंट पिते आहे आणि तिच्यात काहीही बिघाड नाही. हे मी म्हणत नाही. शनिवारी कंपनीचा मेकॅनिक आला, दीड तास तपासून लेखी देऊन गेला. बॅटरी ठणठणीत. मग राहिलं काय? चोरी. वीज खात्यात एकतीस वर्षं मीटर तपासले. हुक टाकणारे पाहिले, मीटरला लोहचुंबक चिकटवणारे पाहिले. आता निवृत्त झाल्यावर कोणीतरी माझ्याच नाकावर टिच्चून हात मारतो आहे. फोनवर बोललो नाही, कारण तोंडी तक्रार ही तक्रारच नव्हे.

तुझी बदली झाली, हॉस्टेलच्या चौथ्या मजल्यावर प्लग नाही, म्हणून तू गाडी आमच्या गळ्यात बांधून गेलीस, त्याला सात महिने झाले. पेट्रोलचा खर्च नाही बाबा, हे तुझं वाक्य मला पाठ आहे. पार्किंगमध्ये प्लग बसवायला सोसायटीच्या तीन बैठका झाल्या. सेक्रेटरी म्हणाले, आग लागेल. मी म्हटलं, लागली तर तुमच्या भाषणाने लागेल. मग वेगळा मीटर, त्याचा बिलात वेगळा आकार. विम्याचा हप्ता माझ्या जुन्या गाडीच्या दीडपट. टायर झिजले, तर दुकानदार म्हणतो, या गाड्या वजनाला भारी, झिजायचेच.

मागच्या महिन्यात आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. येताना हमरस्त्यावर चार्जर होते तीन. एक बंद. दुसऱ्यावर एक गृहस्थ गाडी लावून जेवायला गेलेले. तिसरा म्हणे, आधी ॲप घ्या. घेतलं, तर ॲपने माझी जन्मतारीख विचारली. मी सव्वा तास बाहेर उभा राहून भांडत होतो. आई आत बसून होती आणि एका शब्दाने कुरकुरली नाही. उलट म्हणाली, तुमचं सावकाश होऊ द्या.

वहीत रोज सकाळ-संध्याकाळ टक्के टिपतो. चाललेले किलोमीटर वजा करूनही रोज आठाची तूट. बुधवारी मात्र शून्य. याचा उलगडा होत नाही. खालचे दातांचे डॉक्टर गाडी विकत घ्यायला तयार आहेत. त्यांना महिनाअखेर उत्तर हवं आणि कागदावर तुझी सही लागेल. तोवर चोर सापडला नाही, तर गाडी त्यांना देऊन टाकावी, या मताचा मी झालो आहे.

आईचं ठीक. दुपारी दोन ते चार पलीकडच्या इमारतीत शिंपीणबाईंना शिवणात मदत करायला जाते. उत्तर लेखी पाठव. आशीर्वाद आहेतच.

बाबा


गुरुवार, ९ मे

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र गुडघ्याच्या पट्ट्याच्या खोक्यात घालून पाठवते आहे. औषधांचं खोकं बाबा उघडत नाहीत, एवढाच काय तो भरवसा.

आई, प्रकरण हाताबाहेर चाललं आहे. बाबांनी मेकॅनिक आणला, आता दातांच्या डॉक्टरांशी सौदा चालू आहे. माझी सही मागतात. तू रोज दोन वाजता शिंपीणबाईंकडे न जाता पार्किंगमध्ये जातेस आणि गाडीत एसी लावून बसतेस, हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. गाडीचं खातं माझ्या नावावर, त्यामुळे वॉर्डात सलाईन लावत असताना खिशातला फोन थरथरतो: गाडी उभी, एसी चालू, तापमान चोवीस. पहिल्यांदा मला वाटलं, चोर शिरला. मग वाटलं, चोर चोवीसवर एसी लावून दोन तास कशाला बसेल? दुसरी किल्ली मीच तुला दिली होती, साखरेच्या डब्यात ठेव म्हणून. तेव्हा मला वाटलं होतं, ती अडीअडचणीला.

एकीकडे बाबांचा चोर, दुसरीकडे तुझी शिंपीणबाई, मध्ये माझे बत्तीस पेशंट. मी किती खोटं बोलू? तू त्यांना सरळ सांगून का टाकत नाहीस? ते काय खातील का तुला?

पट्टा वापर, नुसता कपाटात ठेवू नकोस. रागावले आहे, तरी माया पातळ करू नये.

तुझी,
ठमी


मंगळवार, १४ मे

चि. ठमाबाईस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र गाडीतच लिहिते आहे. पुढची डावी सीट मागे टेकवली आहे, मांडीवर पुठ्ठा आहे, समोर भिंत आणि मागे खांब. इथून मी कोणाला दिसत नाही. तुझ्या फोनला कळलंच असेल.

गेली एकतीस वर्षं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हे घर माझं होतं. तू शाळेत, ते लोकांच्या मीटरवर. आता ते निवृत्त झाले, मी झाले नाही. दोन खोल्यांच्या घरात एक तपासणीस दिवसभर बसला की काय होतं, ते तुला सुट्टीच्या चार दिवसांत कळायचं नाही. पेपर मोठ्याने वाचतात. प्रत्येक बातमीवर माझं मत विचारतात आणि दिलं की ते कसं चुकलं ते समजावतात. फ्रिज उघडला की सेकंद मोजतात. कुकरच्या शिट्ट्या मी मोजलेल्या असतानाही मोजतात, आणि माझी एक कमी भरते. जरा डोळा लागला की विचारतात, झोपलीस का?

मी इथे काय करते म्हणशील, तर झोपते. बाकी काही नाही. हे दार लावलं की आवाज जसा तुटतो ना, तेवढ्यासाठी येते. त्यांना दुपारची झोप नाही, आणि ते घरी नसले तरच मला वर झोप लागते.

सांगून टाक म्हणतेस. सांगितलं तर रागावणार नाहीत, तीच तर पंचाईत आहे. मला करमत नाही असं समजून सोबतीला खाली येतील. पेपर घेऊन.

माणूस वाईट नाही, हे तुला मी सांगायला नको. गुडघ्याला रोज शेक देतात, घड्याळ लावून का होईना. पण ठमे, सही करू नकोस. मला दागिना नको, सहल नको. हे दार तेवढं राहू दे.

चार वाजायला आले. वर जाऊन आज काय शिवलं ते सांगायचं आहे, ते आधी ठरवते. लोभ कर आणि तोंड बंद ठेव.

आई


शनिवार, १८ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमची तक्रार लेखी नोंदवून घेतली आहे. माझं म्हणणं असं की, ही गाडी उभी असली तरी थोडंफार खातेच. आतले कॉम्प्युटर जागे असतात. तुम्ही ते स्टँडबायच्या नावावर टाका आणि वही मिटा. डॉक्टरसाहेबांना नाही म्हणून कळवा, मी सही करणार नाही. कारण विचारू नका. वर्षाअखेरीस मला प्लगवालं क्वार्टर मिळेल असं मेट्रन म्हणतात, असं समजा.

आणि बाबा, दुपारी जरा पडत जा. नाही तर पेपर मनात वाचायची सवय करा, डोळ्यांना बरी असते. मुलीचा आगाऊपणा पोटात घालावा, आणि तिथेच राहू द्यावा.

तुमची,
ठमी


गुरुवार, २३ मे

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं स्टँडबाय मिळालं. गाडी उभ्याने आठ टक्के खाते म्हणतेस, तर मग बुधवारी उपास करते काय? पेपर मनात वाचण्याने डोळ्यांना बरं वाटतं, हे नवीन वैद्यक तू कुठे शिकलीस, हेही मला समजलं नव्हतं. आता समजलं.

सोमवारी मी टक्के सकाळी, दुपारी दीडला, सव्वाचारला आणि रात्री टिपले. तूट पडते ती दीड ते सव्वाचारमध्ये. म्हणून मंगळवारी अडीच वाजता टॉर्च आणि वही घेऊन खाली उतरलो. चोराला जागेवर धरायचं ठरवूनच गेलो होतो.

आत तुझी आई झोपली होती. सीट मागे, चष्मा पुढे ठेवलेला, तोंड जरा उघडं. घरात ती अशी झोपत नाही. घरात डोळे मिटले तरी कानाने जागी असते. मी काचेवर टकटक करायला हात उचलला आणि मला तो बुधवार आठवला.

बुधवारी दुपारी मी निवृत्तांच्या संघाच्या बैठकीला जातो. एकतीस वर्षांत मी एकच प्रकार पाहिला: तपासणीस समोर असेपर्यंत चोर हात आवरतो, त्याची पाठ वळली की हुक पडतो. इथे मी घरात असलो की करंट जातो, आणि नसलो की एक टक्काही हलत नाही. असा हिशेब मी आजवर केला नव्हता. आल्या पावली वर गेलो. पाय वाजू नयेत म्हणून चपला हातात घेतल्या होत्या. चार वाजता ती आली आणि शिंपीणबाईंकडे परकराच्या नाड्या घातल्या म्हणाली. मी म्हटलं, बरं झालं.

खात्यात चोरी वेगळी धरायचे आणि गळती वेगळी. तार लांब असली की थोडी वीज वाटेत जाते. त्याचा पंचनामा करत नाहीत, ती धरूनच चालतात. आमची तार चौतीस वर्षांची आहे. वहीतलं चोरी खोडून मी गळती लिहिलं. दातांच्या डॉक्टरांना नाही म्हणून कळवलं. चोर सापडला का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वायरिंगचा प्रश्न होता.

संघाच्या अध्यक्षांशी माझं पटत नाही, तुला माहीत आहे. तो माणूस तारखेआधी सही करतो. तरी काल बैठकीनंतर त्यांच्याकडे सोमवारचं आणि शुक्रवारचं कागदपत्रांचं काम मागून घेतलं, दुपारी दीड ते पाच. त्यांना वाटलं मी वरमलो. वाटू दे.

आईला यातलं काही सांगू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही असं लिहिणार होतो, पण सात महिने राहिलं असं दिसतं. आशीर्वाद पूर्वीइतकेच आहेत, त्यात कपात नाही.

बाबा

ता. क. येत्या सोमवारी मी घरी नसेन. पाचला परत आल्यावर टक्के टिपणार आहे. शून्य यावं, हीच अपेक्षा. आठ आले, तर मात्र जरा बरं वाटेल.