खबऱ्याची शाल

फौजदारसाहेब, रामराम.

माझ्या खबरीवरून कारखान्यातल्या तांब्याच्या तारा चोरणारे धरले, म्हणून तुम्ही माझ्या चितेगावच्या हॉटेलात येऊन चारचौघांत मला शाल-श्रीफळ दिलंत. मन मोठं आहे तुमचं. पण साहेब, खबऱ्याचा कुणी सत्कार करतं का?

तेव्हापासून शिफ्ट सुटली की कामगार येतात, चहा पितात अन् गुमान जातात. कुणी बोलायला लागलाच तर दुसरा म्हणतो, "हळू लेका, फौजदाराचं ठाणं हाय हे." मीही हसतो.

पण विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव डोकी तापलीत. मागं शेजारच्या दलित वस्तीला आग लावायचं घाटत होतं, ते इथंच बाकड्यावर माझ्या कानी आलं अन् तुमची गाडी वेळेवर पोचली. काल त्याच वस्तीतल्या लिंबाजीनं विचारलं, "सूर्यभानदादा, पोरंबाळं घरी ठेवू का पाहुण्याकडं धाडू?"

पूर्वी मला सांगता आलं असतं. काल नुसतं म्हणालो, "धाड."

म्हणून उद्या भर बाजारात ती शाल तुमच्यापुढं फेकून तुम्हाला शिव्या देणार आहे. कोठडीत टाकलंत तर लईच बरं. तुम्ही खरे चिडलात तरच लोकांना पटंल, म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुमचाच,
सूर्यभान