बांगडीची निशाणी

अमरावती, कार्तिक वद्य ४, शके १७८६

गं. भा. सुभद्राबाईस,

महादेवाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या सासूबाईंचा गुडघा, तुझी सवत वच्छला व तिची लहानगी यांचे वर्तमान कळवीत जावे. इकडे अंबादेवीच्या कृपेने सर्व ठीक. तुझ्या वहिनीचा खोकला हटत नाही आणि ती औषध घेत नाही, तेव्हा दोघेही आपापल्या जागी ठाम आहेत.

माझ्या धंद्याचे विचारतेस तर हात रिकामा नाही. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे कापसाने माणसांना वेड लावले. काल एक कापूसवाला वंशावळ घेऊन आला. त्याला पणजोबास देशमुखी द्यायची होती. मी त्याला म्हटले, हे मला तोंडाने सांग, कागद बाजूला ठेव. तीनदा अडखळला आणि उठून गेला. माझी रीत तुला ठाऊक आहे. कोणाची चाकरी नाही. लोक लिहून आणतात, मी ते सुधारून देतो. पण आधी ज्याचे त्याच्याकडून वदवून घेतो. जे वाक्य माणसाच्या तोंडी बसत नाही, ते त्याचे नव्हे; त्यावर पिवळा हरताळ फासून ते पुसतो. आणि कागद गेला की विसरतो. शाई वाळली की माझ्या डोक्यात काही उरत नाही. उरले असते तर वेडा झालो असतो.

आता मुद्द्याचे. दाजी जाऊन तीन वर्षे झाली आणि शेत अजून त्यांच्याच नावे आहे. जमीन मोजणारे साहेब पौषात अकोल्यास येणार असे ऐकतो. त्या वेळी ज्याचे नाव खात्यावर चढेल त्याचे शेत. तुझा चुलतदीर पंजाबराव टपून बसला आहे. दाजींच्या वेळी नदीकाठच्या त्या रानाकडे तो थुंकतही नव्हता, आता कापसाचा भाव चढल्यावर त्याला भाऊबंदकी आठवली. तेव्हा अर्जाचा कच्चा मसुदा कोणाकडून तरी लिहवून मजकडे पाठव. मी पक्का करून देतो. कोणावर विसंबू नकोस, आणि जो लिहून देईल त्याच्यावर तर मुळीच नको.

माया आहे ती वाढती ठेवावी, हे लिहायला नको.

दस्तूर महादेव

*

अकोला, कार्तिक वद्य १२, शके १७८६

तीर्थरूप दादांचे सेवेशी,

सुभद्रेचा साष्टांग दंडवत. वि. वि. आपले पत्र पावले. सासूबाईंचा गुडघा थंडीने धरला आहे. वच्छला व लहानगी खुशाल. वहिनींनी औषध घ्यावे.

अर्जाचा मसुदा सोबत आहे. त्यात असे लिहिले आहे की, मोर्णेकाठचे शेत मयत धन्याच्या मागे आम्ही दोघींनी वाहिले. औताला माणूस मिळाले नाही तेव्हा वच्छलेने औत धरले व मी पेरले. तरी खाते सुभद्रा व वच्छला या दोघींच्या नावे लिहावे. जिच्या हाताने पेरले तिचे नाव कागदावर असावे, इतकेच मागणे आहे.

मजकूर बदलू नये. चुका असतील त्या काढाव्या. मोजणीच्या साहेबांचा तंबू पौष शुद्ध दशमीस पडणार असे पाटलाने सांगितले.

लोभाची ऊब असू द्यावी.

दस्तूर चंद्रभान

*

अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध ६, शके १७८६

गं. भा. सुभद्राबाईस,

आशीर्वाद. मसुदा वाचला आणि दोन दिवस दुसरा कागद हाती घेतला नाही.

पत्र लिहून देणारा हा चंद्रभान म्हणजे वच्छलेचा भाऊच ना, कापसाच्या अडतीवर गुमास्ता आहे तो? मग मला सांग, सवतीच्या नावासाठी कोणी बाई अर्ज करते काय? मी इतकी वर्षे लोकांचे कागद बघतो. सवतींचे अर्ज माझ्याकडे पुष्कळ येतात, पण ते एकमेकींविरुद्ध असतात. तुला मूल नाही. वच्छलेचे नाव चढले की तिच्यामागून तिचा भाऊ शेतात शिरेल, आणि तू पाणी भरत बसशील.

तू म्हणशील दादाला जळीस्थळी चोर दिसतात. तर ऐक. गुमास्ता मोडीत लिहितो, घोडा पळावा तसा. या पत्रातला हात बाळबोध आहे, एकेक अक्षर कोरलेले. ज्याला आपला हात लपवायचा असतो तो असे लिहितो. आणि शेवटचे ते वाक्य, जिच्या हाताने पेरले वगैरे, ते तुझे नव्हे. ते कोणत्या तरी वकिलाचे आहे, मुरलेल्या. तू कधी अशी बोलतेस? तू बोलतेस तेव्हा शेजारच्या आळीत ऐकू जाते. या पत्रात माझी बहीण मला कुठेच ऐकू येत नाही.

खात्री पटावी म्हणून एक विचारतो. लहानपणी आईच्या जात्याचा खुंटा हरवला होता. तो कोणी लपवला, कुठे, आणि मार कोणी खाल्ला? हे चंद्रभानाला ठाऊक असण्याचे कारण नाही.

जपून राहा. या पत्राचे उत्तर येईपर्यंत मला चैन नाही.

दस्तूर महादेव

*

अकोला, मार्गशीर्ष वद्य २, शके १७८६

तीर्थरूप दादांचे सेवेशी,

दंडवत. खुंटा आपण लपवला. गोठ्यामागे गुरांच्या कुटाराच्या ढिगात. मार मी खाल्ला, आणि आपण कवाडामागून पाहत होते. आठ दिवस माझी पाठ दुखत होती. हे कोणाला ठाऊक असो नसो, मले ठाऊक आहे.

वच्छलेविषयी आपण लिहिले ते वाचून वाईट वाटले. धनी गेले त्या वर्षी मला ताप धरला होता. सासूबाई शिवल्या नाहीत. वच्छलेने एकवीस दिवस माझे केले. त्यानंतर आमची चूल एक आहे. तिची पोर मला मोठी आई म्हणते. उद्या सारे शेत माझ्या एकटीच्या नावे झाले आणि मी मेले, तर पंजाबराव त्या दोघींना दुसऱ्या दिवशी बाहेर काढतील. मला एवढीच एक भीती आहे, दुसरी नाही.

पोरीला लहानपणी खोकला होता तेव्हा तिला बेहड्याची साल मधात देत होतो, ती वहिनींना द्यावी. मसुदा आहे तसा पक्का करून पाठवावा. दिवस थोडे उरले आहेत. मी निशाणी करून तंबूत नेऊन देईन.

लोभ आटू देऊ नये.

दस्तूर चंद्रभान

*

अमरावती, पौष शुद्ध ३, शके १७८६

गं. भा. सुभद्राबाईस,

आशीर्वाद. खुंट्याचे उत्तर बरोबर आले, आणि त्याने माझा संशय गेला नाही. तुला विचारून कोणीही लिहू शकतो, हे मला प्रश्न पाठवल्यावर सुचले. त्या तापाची गोष्टही खरी असेल. पण माणूस आजारात पाणी पाजतो तो नेहमी पाण्यासाठीच पाजतो असे नाही. तुझे मन मऊ, आणि पत्र वाचून दाखवणाराही तोच, लिहून घेणाराही तोच. तू सांगतेस एक आणि तो लिहितो दुसरे, असे नसेल कशावरून? तुला वाचता आले असते तर मी निश्चिंत असतो.

तू समोर असतीस तर मी रीतीप्रमाणे प्रत्येक वाक्य तुझ्या तोंडून वदवून घेतले असते. ते होणे नाही. तेव्हा मला जे तुझे वाटले ते ठेवले, आणि जे परक्याचे वाटले त्यावर हरताळ फासला. वच्छलेचे नाव काढले. ते वकिली वाक्यही काढले. तुझ्या एकटीच्या नावाने पक्का अर्ज केला, खाली, लिहिता न येणाऱ्या बाईची सहीऐवजी असते ती, बांगडीची निशाणी मीच काढली आणि शेजारी लिहिले की, निशाणी सुभद्राबाईची, दस्तूर महादेव. इनायतुल्ला सौदागराच्या सरकीच्या गाड्या अकोल्यास निघाल्या आहेत. तो माझे जुने गिऱ्हाईक, शब्दाचा पक्का. त्याच्या हाती अर्ज थेट तंबूत जाईल. तुला काही करायचे नाही, फक्त गप्प राहायचे.

तुझा मसुदा, हरताळासह, परत पाठवीत आहे. जो हे पत्र तुला वाचून दाखवील त्यानेही तो डोळे भरून पाहावा. माझ्या बहिणीच्या नावाने दुसऱ्याने बोललेले मला खपत नाही.

शेत वाचले की मग माझ्यावर हवे तेवढे रागाव.

दस्तूर महादेव

*

अकोला, पौष शुद्ध चवदस, शके १७८६

दादाले सुभद्रेचा दंडवत.

आजपासून मी बोलतो तसंच लिहितो. तुले तोंडावर तूच म्हनतो, तं कागदावर काहून तुमी म्हनू. तुले बहीन ऐकू येत नोती ना. मंग आता कान उघडे ठेव.

तुह्यं पत्र मले कोनी वाचून दाखोलं नाई. मी वाचलं. आधीचेही मीच वाचले अन् मीच लिहिले. चंद्रभान बिचारा फक्त डाकेत टाकून देते. त्याचं नाव मी घातलं, काहून का लिहिनारी बाई नवऱ्याले खाते म्हनतेत. वच्छला माहेरून लिहाले शिकून आली होती, तिचे वडील गावात पंतोजी होते. धनी गेले तं सासूबाईनं खापर तिच्याच लिहिन्यावर फोडलं. मंग मी म्हनलं, आता कोनता नवरा राह्यला खायाले, मलेही शिकव. सासूबाई देवळात गेल्या का आमी चुलीपाशी राखेत बोटानं लिहित होतो. अक्षर कोरलेलं हाये थे लपवासाठी नाई. मले थेवढंच येते.

तुले काहून नाई सांगतलं म्हनशील. तू साऱ्या जगाच्या चुका काढतं. मले वाटलं, हात बसू दे, मंग सांगू.

अन् थे वकिलाचं वाक्य. धनी गेल्यावर तू मले पत्र धाडलं होतं. त्यात लिहिलं होतं, एका विधवेसाठी मी असा असा अर्ज करून देल्ला, जिच्या हातानं पेरलं तिचं नाव कागदावर असावं, अन् साहेबानं थे दोनदा वाचलं. वच्छलानं मले थे पत्र वाचून दाखोलं, अन् मी रडली. दुसरा कागद घरात नोता. तुह्याच पत्रावर मी अक्षरं गिरवली. म्हनून माह्ये पत्र तुह्यासारखे होते, दादा. पत्र असंच लिहा लागते, असं मले वाटे. हरताळ मी नखानं खरवडून पाह्यला. तुह्या स्वतःच्याच वाक्यावर तू पिवळं फासलं.

आता तंबूतलं ऐक. तुह्यं पत्र वाचून तुह्या अर्जावर माह्या भरवसा राह्यला नाई, म्हनून थो गाड्याईवरून पोचाच्या आधी द्यावा असा मी नवा अर्ज लिहिला, दोघींच्या नावाचा, अन् दशमीले घेऊन गेली. अमलदारानं पाह्यलं तं त्याच्यापाशी माह्याच नावाचा दुसरा अर्ज आधीच येऊन पडला होता. एकावर बांगडी, एकावर सही. पंजाबराव तिथंच उभे होते. त्याईनं लगेच म्हनलं, एका बाईचे दोन कागद म्हंजे एक खोटा, दोन्ही फेका. अमलदारानं मले विचारलं, बांगडीची निशानी तुमी केली का?

नाई म्हनलं तं तुह्या हातात बेडी, अन् अमरावतीत कोनी तुले कागद दाखवनार नाई. हो म्हनलं तं वच्छला अन् पोर रस्त्यावर. अन् जे करून बसलं थे तू, जो ज्याच्या त्याच्या तोंडून वदवल्याबिगर एक वाक्य लिहित नाई. त्या घडीले तुह्या असा राग आला का समोर असता तं खुंटा तुह्याच पाठीवर मोडला असता.

मंग मले तुह्या धंदाच आठोला. मी म्हनलं, साहेब, दोन्ही माह्येच. पहिला माह्या भावानं धाडला, तवा मले लिहिता येते हे त्याले माईत नोतं. थो कच्चा समजा, हा पक्का. कच्च्यात एक नाव राहून गेलं होतं, थे मी पक्क्यात घातलं. अमलदार म्हने, हा तुमीच लिहिला कशावरून? मी त्याच्यासमोर बसली अन् नाव लिहिलं. मंग वच्छलानं तिचं लिहिलं. तिचं अक्षर माह्यापेक्षा चांगलं हाये. पंजाबराव तंबूबाहेर निघून गेले. खात्यावर दोन्ही नावं चढली, दादा. शेत आमचं हाये.

सासूबाईले सारं कळलं. दोन दिवस त्याईनं आमच्या हातचं पानी घेतलं नाई. आज सकाळी म्हनल्या, बाळापूरच्या बहिनीले माह्या गुडघ्याचं कळवाचं हाये, कोनी लिहिन का.

आता एकच सांगतो, अन् हे मनात ठेव. धनी गेले त्या दिवशी याच घरात माह्या हातच्या बांगड्या फोडल्या. मले कोनी विचारलं नाई. तीन वर्सं झाली, हात उघडा हाये, आता सवय झाली. तू मात्र कागदावर माह्या हाती बांगडी भरली, अन् तूही मले विचारलं नाई.

वहिनीले बेहडा दे. या पत्रात चुका असतील. एकही काढाची नाई.

लोभ हाये थो राहू दे. शंका आली तं आधी मले विचार, मंग लिही.

दस्तूर खुद्द सुभद्रा