आरारूट गिरणीचा फितूर

१४ जानेवारी २०१२
इतिहासाचा प्रकल्प ठरला — आमच्या गावातला १९३८चा आरारूट गिरणीचा संप. सहा जण तुरुंगात गेले. पोलिसांना नावं माझ्या पणजोबांनी, युस्टस क्वाशींनी दिली आणि ते त्रिनिदादला पळाले, असं अख्खं गाव म्हणतं. त्यापायी त्यांची लेक, म्हणजे माझी आजी, अजून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते. इतिहासाच्या ड्यूरंटबाईंकडे दुसरा विषय मागितला. म्हणाल्या, "गाव म्हणतं हा पुरावा नाही. पाहिलं कोणी? केव्हा?"

२ फेब्रुवारी
गावातल्या हॅडवे आजोबांकडे गेले. वय ब्याऐंशी. संप पाहिलेले तेवढेच उरलेत. अंगणात विस्तवावर ब्रेडफ्रूटचं फळ भाजत होते. संपाच्या आदल्या संध्याकाळी युस्टसला चौकीत शिरताना स्वतः पाहिलं म्हणे. माझ्याकडे न बघता सांगितलं.

३ फेब्रुवारी
आजीला दिसू नये म्हणून मुलाखतीची वही दप्तराच्या तळाशी ठेवली.

२१ फेब्रुवारी
बेटाच्या राजधानीत, किंग्जटाउनच्या दप्तरखान्यात जुनी वर्तमानपत्रं. संप ११ मेचा. आणि १९ एप्रिलच्या अंकात त्रिनिदादला निघालेल्या गलबताचे उतारू — युस्टस क्वाशी, मजूर! आधीच गेले होते! धावत बाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, मधे परत आले नसतील कशावरून? राग आला. पण खरंच, कशावरून?

२८ फेब्रुवारी
पुन्हा दप्तरखाना. परतीच्या याद्या एकेक चाळल्या. पणजोबांचं नाव थेट ऑगस्टात! तिथेच बसून रडले. छातीवरचा धोंडा उतरला.
मग नोव्हेंबरची सरकारी सूचना दिसली. संपाची खबर दिल्याबद्दल गिरणीचे पहारेकरी अडॉल्फस हॅडवे यांना बक्षीस. हॅडवे आजोबांचे वडील! गावात तेव्हा पेपर वाचणार कोण?

१ मार्च
आजीला उतरवून आणलेलं सगळं वाचून दाखवलं. तिने विचारलं, "छापलंय?" छापलंय म्हटलं. "पुन्हा वाच." तीनदा वाचून घेतलं. मग उठून चहा टाकला. कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती.
पहारेकऱ्याचं नाव मात्र लिहू नकोस म्हणाली. "मी जन्मभर सोसलं. आता त्या म्हाताऱ्याला नको." बाईंनी निर्णय माझ्यावर सोडलाय. 'एक पहारेकरी' एवढंच लिहिलं.

१७ मार्च
मुलाखत दिलेल्याला मसुदा दाखवायचा असतो. हॅडवे आजोबांनी सावकाश वाचला. म्हणाले, "आठ वर्षांचा होतो, पोरी. बापाने पढवलं ते बोललो, मग बोलतच राहिलो. पहारेकऱ्याला नाव होतं. लिही."