तुमच्या दोघींचा सिनेमा

प्रिय मंगल,

परवा सकाळी रेणू शाळेला गेली, मी पूजा उरकली आणि तिचा मोबाईल घेऊन गोठ्यात जाऊन बसलो. तुमच्या दोघींचा तो गाण्यांचा सिनेमा चोरून पाहिला. पन्नाशीला आलेला माणूस, म्हशीपुढं बसून! तेव्हापासून तुझ्याशी बोलल्याशिवाय चैन पडेना.

तुम्ही मायलेकी एका चादरीत डोकी घालून तो बघायचात. मी आलो की आवाज बंद. काय चाललंय विचारलं, की तू म्हणायचीस, "काय न्हाय, पोरींचं हाय." तू कधीपासून पोर झालीस? वीस वर्षं संसार केला, पण तसलं हसू माझ्या वाट्याला किती आलं, सांग.

तू गेल्यावर वाटलं, आता तरी रेणू माझ्याकडं येईल. ती तुझ्या फोटोशी बोलते. मला फक्त विचारते, भाकरी किती टाकू. गेलेल्या माणसाचा हेवा वाटतो, हे कुणाला सांगावं?

मग मी वाईट वागलो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला त्या सिनेमातलं गाणं म्हणायचं होतं. मी सांगितलं, आईचं वर्षश्राद्ध होईस्तोवर गाणं नको. तिनं मान खाली घातली. आईचं नाव पुढं केल्यावर ती काय बोलणार! माझ्या मनात दुखवटा नव्हता, मंगल. ते गाणं तुमचं होतं, एवढंच खुपत होतं. रविवारी अणदूरला खंडोबापुढं उभा राहिलो, तर भंडारा लावायला हात उचलवेना.

सिनेमातल्या मुलीचा आवाज आपल्या रेणूसारखाच जाड. पोरं हसतात, गाण्यातून तिला काढतात, तरी ती आपल्याच आवाजात गाते. हेच दाखवत होतीस व्हय तिला? मग मला का नाही बोलावलंस?

त्याच संध्याकाळी रेणूलाच विचारलं. भांडी घासता घासता, वर न बघता ती म्हणाली, "अण्णा, आरतीला तुम्हीच म्हणता की, हळू म्हण, गड्यावाणी वाटतंय."

खरं आहे. मीच म्हणत आलो. तू एकदा तरी टोकायचंस ना मला!

काल तिला शेजारी बसवून सांगितलं, की दुखवटा नुसतं निमित्त होतं, मला तुझा हेवा वाटत होता. ती म्हणाली, "आईला सांगितलं का?"

म्हणून सांगतोय. हेवा अजून सगळा गेलेला नाही, तुला खोटं कशाला लिहू? पण यापुढं तिला कधी 'हळू' म्हणणार नाही. तुमच्या दोघींच्या गोष्टीत तिनं बोलावलं तरच येईन, नाहीतर मागच्या रांगेत बसून ऐकीन.

गॅदरिंगला नावं द्यायला आजचाच दिवस होता. सकाळी शाळेत जाऊन मॅडमकडं तिचं नाव देऊन आलो.

तुझा,
रेणूचे अण्णा